नवी पेठेतलं कॅसेट उतरवून देणारं दुकान: काम चोख, पण मूळ कॅसेट तिथे सोडू नका

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी उघडून बघणारं दुकान सोलापुरात आहे, ही मोठी गोष्ट. नवी पेठेतल्या या छोट्या दुकानात व्हीएचएस कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून मिळते. तीन तासांपर्यंतच्या कॅसेटला ४०० रुपये, मुदत आठ दिवस.

कॅसेटच्या बाजूची खिट्टी दाबून झाकण उचललं की फीत दिसते. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असले, तर ती बुरशी. अशी कॅसेट तशीच चालवली तर बुरशी हेडवर, म्हणजे व्हीसीआरच्या फीत वाचणाऱ्या भागावर बसते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला लागते. इथे बुरशीच्या कॅसेटसाठी व्हीसीआरच वेगळा ठेवलाय. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचा ताण सारखा करायला ती आधी एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे आणतात. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, तेही बरोबर पद्धतीने: चामड्याची पट्टी स्थिर धरायची आणि हेड बसवलेला ड्रम हाताने फिरवायचा. पट्टी वर-खाली घासली तर हेडचं टोक मोडतं.

चित्रही चांगलं येतं. जुनी फीत ताणलेली असल्याने पडद्यावरची प्रत्येक ओळ ठरल्या वेळेला येत नाही, म्हणून लग्नाच्या कॅसेटमध्ये मांडवाचे खांब लाटेसारखे हलताना दिसतात. इथल्या व्हीसीआरमध्ये या ओळी वेळेवर आणणारा टाइम बेस करेक्टर आहे आणि जोडणी रंग व उजेड वेगळे नेणाऱ्या एस-व्हिडिओची आहे. खांब सरळ राहतात, रंग कडेबाहेर ओघळत नाहीत.

घोळ होतो तो फाइल देताना. न सांगता मिळते ती एमपी४ फाइल रुंद टीव्हीसाठी आडवी ताणलेली असते, त्यामुळे नवरा-नवरी दोघंही जाड दिसतात. शिवाय सेकंदाला ५० फील्डपैकी (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांपैकी) निम्मी टाकून दिलेली असतात. स्टेजवर बसलेल्या माणसांत हे कळत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या मिरवणुकीत उंच काठ्यांचे नंदीध्वज डोलत पुढे येतात तिथे मात्र चित्र धक्के खातं. म्हणून कॅसेट देतानाच स्पष्ट सांगा: ७२० बाय ५७६, चार-तीन प्रमाण, इंटरलेस (म्हणजे ती ५० फील्ड) तसंच ठेवा, फाइल डीव्ही या कमी दाबलेल्या स्वरूपात द्या. डीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांना ४० च्या आसपास. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह न्या आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या, कारण फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मागितल्यावर ही फाइल जादा पैसे न घेता देतात. मोबाइलवर पाठवायला एमपी४ वेगळी घ्या.

घरगुती चित्रीकरणाची आठ एमएम फिल्मची रिळं इथे देऊ नयेत. प्रोजेक्टरने पडद्यावर पाडून समोरून कॅमेऱ्याने टिपतात: मधोमध उजेडाचा गोळा, कडा कापलेल्या आणि सतत लुकलुक. सुपर ८ या आठ एमएमच्याच प्रकाराचं ५० फुटी रीळ १८ फ्रेमच्या वेगाने जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद चालतं, पण आकसलेल्या रिळाची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत नीट बसत नाहीत आणि तेवढ्यातही ते फाटतं. एकेक फ्रेम टिपणारा स्कॅनर असेल तिथेच ते काम द्यावं. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, तर ते रीळ बाकीच्यांपासून लगेच लांब ठेवा. त्याच्या आम्लाच्या वाफेने शेजारची रिळंही कुजायला लागतात.

आणि काउंटरवरची ती पाटी: ‘जुन्या कॅसेट इथेच द्या, विल्हेवाट आम्ही लावू.’ ती काढून टाकायला हवी. आपले सिनेमे याच वाटेने गेले. १४ मार्च १९३१ ला लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची आज एकही प्रत नाही. तेव्हाची नायट्रेट फिल्म पेट घेते हे खरं, २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत जुनी नायट्रेट रिळं गेलीही. पण सगळंच आगीने नेलं नाही. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते. खेळ संपलेल्या प्रिंट ती काढायला भंगारात विकल्या गेल्या. जगभर असंही झालं, की नायट्रेटवरून सहज न पेटणाऱ्या ॲसिटेट फिल्मवर नवी प्रत काढली आणि ‘आता हिची गरज नाही’ म्हणून मूळ फेकलं. पुढे त्या ॲसिटेटलाच व्हिनेगरचा वास यायला लागला, तर काही ठिकाणी नीट थंडाव्यात ठेवलेलं नायट्रेट सुस्थितीत निघालं. सिनेमाच्या निदान अनेक प्रिंट निघायच्या. घरच्या लग्नाची कॅसेट बहुधा एकच असते.

तेव्हा कॅसेट परत आणा. पाठीवरचा रेकॉर्डिंगचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. सुरुवातीपर्यंत गुंडाळून, उभी, आतल्या भिंतीच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवा. पत्र्याखालचा माळा सोलापूरच्या मे महिन्यात भट्टी होतो, आणि स्पीकरशेजारी लोहचुंबकाचा धोका. २०१६ मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबलं, त्यामुळे दुरुस्तीचे सुटे भाग आता जुन्या मशिनांतूनच काढावे लागतात. काम पुढे ढकलू नका.

घरी फाइल शेवटपर्यंत बघा, विशेषतः शेवटची दहा मिनिटं. मधल्या फ्रेम गळल्या असतील तर आवाज तिथे चित्राच्या मागे-पुढे झालेला कळतो. पावती आणि तीच कॅसेट घेऊन पंधरा दिवसांत गेलात, तर पुन्हा उतरवून देतात, पैसे घेत नाहीत.