पेमेंट गेटवे घेताना टक्का नंतर विचारा, पैसा कोणाच्या खात्यात थांबतो ते आधी विचारा

आपल्या मराठवाड्यात आता घरबसल्या ऑनलाइन विकणारे लई लोक झालेत, कोणी पैठणी विकतंय, कोणी हिमरू शाल, कोणी वसमतची हळद, कोणी केशर आंबा, आणि वेबसाइट काढली की सगळ्यांना हा प्रश्न येतोच की कार्डाचं पेमेंट घ्यायचं तर ते कोणामार्फत घ्यायचं. त्या वेळेला जो माणूस सगळ्यात कमी टक्का, म्हणजे कमिशन, सांगतो आणि सगळ्यात कमी कागद मागतो त्याच्यापासून लांब राहा. अशाच एका गेटवेवाल्याने, म्हणजे गिऱ्हाईकाचं ऑनलाइन पेमेंट आपल्यापर्यंत पोचवणाऱ्याने, आमचे पैसे दाबले, आणि वरून आमचं बँकेचं खातं पण गोठलं, ते कसं झालं ते सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार पोलिसांकडे चालू आहे, आणि तसंही नाव बदलायला या लोकांना वेळ लागत नाही, पद्धत ओळखता आली पाहिजे.

मी आणि माझी जाऊ मिळून पैठणी विकतो, राहायला संभाजीनगरला, माल पैठणच्या हातमागावरचा. विणणारे मामा सासरच्या ओळखीतले. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचाच खरा माल अशी सरकारी ओळख, मिळाली तरी बाजारात पॉवरलूमचा माल पैठणी म्हणून सर्रास खपतो, त्यामुळे खऱ्या हातमागाची साडी पाहिजे असणारं गिऱ्हाईक बरोबर शोधत येतं, आणि त्यात परदेशात राहणाऱ्या आपल्या बायका बऱ्याच. इथल्या लोकांचं युपीआयवर भागत होतं, पण अमेरिकेतल्या बाईला क्रेडिट कार्डच लागतं. एका नावाजलेल्या गेटवेकडे अर्ज टाकलेला होता, त्यांनी पॅन, जीएसटी, कॅन्सल चेक, वेबसाइटवर रिफंडची पॉलिसी, पत्ता, आणि परदेशी कार्डासाठी आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर असं सगळं मागितलं, ते चालू होतं पण वेळ लागायला होता आणि लग्नसराई तोंडावर आलेली. तेवढ्यात वेबसाइट बनवून देणाऱ्या पोराने एका माणसाचा नंबर दिला.

तो फोनवर म्हणला, "ताई तुम्ही काहून टेन्शन घेता, दोन दिवसात लाइव्ह करून देतो, सगळ्या कार्डाला फ्लॅट सव्वा टक्का, परदेशी कार्ड पण त्यातच आलं." बाकीचे लोक क्रेडिट कार्डाला साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, परदेशी कार्डाला तीनच्या आसपास. पंचवीस हजाराच्या साडीला दोन टक्क्याने ५०० आणि जीएसटी ९०, म्हणजे ५९० रुपये जातात, सव्वा टक्क्याने जीएसटी धरून ३६८ रुपये ७५ पैसे. एका साडीमागे सव्वादोनशे वाचले तर कोणत्या छोट्या दुकानदाराला नको असतात, या लोकांना ते पक्कं माहीत असतं. पण हिशोब असा आहे की कार्डाच्या त्या टक्क्यातून ज्या बँकेने कार्ड दिलं तिचा हिस्सा जातो, व्हिसा नाहीतर मास्टरकार्डचा जातो, दुकानदाराच्या बाजूच्या बँकेचा जातो आणि उरलं ते गेटवेला. परदेशी कार्डाचं काम सव्वा टक्क्यात करून कोणाच्याच हाताला काही लागत नाही, म्हणजे तो माणूस कमाई दुसरीकडून करतोय. ती दुसरीकडची कमाई काय होती ते पुढं कळालं.

सुरुवातीचे पैसे अगदी वेळेवर आले, दोन कामाच्या दिवसात. आम्ही मामांना जर आणि रेशमाचा ॲडव्हान्स दिला, दोन नवीन काठ लावायला सांगितले. मग आमच्या सीएने स्टेटमेंट बघितलं आणि विचारलं की हे पैसे नक्की कोण पाठवतंय, कारण एकदा कुठल्या तरी एंटरप्रायजेसच्या नावाने आयएमपीएस, पुढच्या वेळेला ट्रेडर्सच्या नावाने, त्याच्या पुढं एका माणसाच्याच नावाने, गेटवे कंपनीचं नाव कुठंच नाही. परदेशातून पैसा आला की बँकेकडून फॉरेन इनवर्ड रेमिटन्सची पावती मिळते, तीही एकदाही नाही. त्या फोनवाल्या एजंटला विचारलं तर तो म्हणला, "मॅडम, मल्टिपल बँकिंग पार्टनर असतात, ते बॅकएंडचं आहे, तुम्हाला पैशाशी मतलब."

हे बॅकएंडचं नाहीच, हाच सगळा मुद्दा आहे. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० ला पेमेंट ॲग्रीगेटरचे नियम काढले. जी कंपनी गिऱ्हाईकाचा पैसा स्वतःकडे घेऊन मग दुकानदाराला देते तिला २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली परवानगी लागते, अर्ज करताना कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाऊन स्वतःची मालमत्ता, १५ कोटी पाहिजे आणि पुढं ती २५ कोटीवर न्यावी लागते, आणि दुकानदारांचा पैसा शेड्यूल्ड बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळा ठेवावा लागतो, कंपनीला तो स्वतःच्या धंद्यात फिरवता येत नाही. परदेशी व्यवहारासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळे नियम आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हे सगळं एका मास्टर डायरेक्शनमध्ये एकत्र केलं. आम्ही परवान्याचं विचारलं तेव्हा एजंटचं उत्तर तयार, की आम्ही टेक्नॉलॉजी पार्टनर आहोत, आम्हाला लायसन्स लागत नाही. यातली अर्धी गोष्ट खरी आहे आणि तिथंच माणूस गप्प बसतो. नुसतं सॉफ्टवेअर देणाऱ्याला खरंच ती परवानगी लागत नाही, पण मग पैसा त्याच्या हातातून जायलाच नाही पाहिजे. यांच्याकडं पैसा जमा होत होता आणि तेच आम्हाला देत होते.

पुढं ऐन सीझनमध्ये पैसे थांबले. डॅशबोर्डवर आकडा वाढत चालला, पण खात्यात काही येईना. आधी म्हणले रिस्क रिव्ह्यू चालू आहे, मग म्हणले दहा टक्के रोलिंग रिझर्व्ह लागेल १८० दिवसांचा, म्हणजे प्रत्येक विक्रीतले दहा टक्के तेवढे दिवस ते ठेवून घेणार. रिझर्व्ह ही गोष्ट खोटी नाही हे सांगायला पाहिजे, चांगले गेटवे पण रिस्क वाटली तर काही टक्के ठेवून घेतात, पण ते ॲग्रीमेंटमध्ये आधीच लिहिलेलं असतं. आमच्या ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ नव्हती. मग चार्जबॅक सुरू केले, म्हणजे गिऱ्हाईकाने बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले असं दाखवायचं आणि आमच्या शिल्लकेतून ती रक्कम आणि वर दंड कापायचा.

परदेशी कार्डाला आपल्यासारखा ओटीपी सगळीकडे लागत नाही, त्यामुळे तिथून चार्जबॅक येऊ शकतो हे आम्हाला माहीत होतं, म्हणून कुरिअरची डिलिव्हरीची पावती प्रत्येक साडीची ठेवलेली. त्या पाठवल्या तर उत्तरच नाही. शेवटी जावेने न्यू जर्सीच्या ताईंना सरळ मेसेज केला की तुम्ही पैसे परत मागितलेत का, काही कमीजास्त झालं असेल तर सांगा. त्यांनी लगेच फोन केला, "अगं मी कशाला मागू, मी तर ती साडी भाच्याच्या मुंजीत नेसले, सगळ्यांनी विचारली कुठून घेतली." आणि त्यांनी कार्डाचं बिल काढून बघितलं तर त्याच्यावर आमच्या दुकानाचं नावच नाही, कुठल्या तरी ट्रॅव्हल कंपनीचं नाव. म्हणजे आमच्या साड्यांचे व्यवहार दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावरून फिरवलेले, बँकेच्या लेखी त्या ताईंनी पैठणी घेतलीच नाही, प्रवासाचं तिकीट घेतलं. खऱ्या चार्जबॅकला रीझन कोड म्हणजे कारणाचा कोड असतो, आणि मूळ व्यवहाराचा २३ आकड्यांचा एआरएन म्हणजे ओळख नंबर असतो, तो मागा. आम्ही मागितला, त्यांनी दिला नाही, कारण द्यायला नव्हताच.

त्याच्या पुढचं जास्त वाईट. बँकेतून फोन आला की तुमच्या करंट अकाउंटला होल्ड लागलाय, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. आमच्याकडं सेटलमेंट म्हणून, म्हणजे आमच्या विक्रीचे म्हणून, जे पैसे आले होते त्यातले काही कोणाला तरी ऑनलाइन गुंतवणुकीच्या नावाखाली लुटलेले होते. लुटलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यातून गेला ती साखळी बँका आणि पोलीस बघत जातात, आणि त्या साखळीत आमचं खातं आलं. हीच ती दुसरीकडची कमाई. भाड्याने घेतलेल्या खात्यांत चोरीचा पैसा जमा करायचा, तो आमच्यासारख्या खऱ्या दुकानदारांना सेटलमेंट म्हणून द्यायचा, आणि आमच्या गिऱ्हाईकाच्या कार्डाचा स्वच्छ पैसा स्वतःकडं ठेवायचा. अशा खात्यांना म्यूल खाती म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या आयफोरसी या सायबर गुन्हे बघणाऱ्या केंद्राने अशा खात्यांवर चालणाऱ्या बेकायदा पेमेंट गेटवेबद्दल जाहीर इशारा दिला होता, पण तो बँकेच्या काउंटरवर कोणी सांगत नाही आणि वेबसाइट बनवणाऱ्या पोरांपर्यंत तर पोचलेलाच नाही.

मामांची मजुरी त्याच खात्यात अडकली. हातमागावरची एक चांगली पैठणी उतरायला महिना दोन महिने सहज जातात, भरजरी असली तर त्याहून जास्त, आणि घरातली सगळी माणसं त्याला लागलेली असतात, कांड्या भरण्यापासून. मामा एवढंच म्हणले, "ताई, तुमच्याकडं आलं की द्या." पण त्यांच्याही घरात किराणा लागतो, लेकराची फी लागते. जावेने तिची सोन्याची पाटली बँकेत ठेवली आणि मजुरी दिली. हे लोक सव्वा टक्का सांगून ज्याच्या तोंडचा घास काढतात तो कोणी मोठा शेठ नसतो, हे मला फार लागलंय.

आता तुम्ही काय बघायचं ते सांगते. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर परवानगी मिळालेल्या पेमेंट ॲग्रीगेटरची यादी आहे, कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव तिच्यात शोधा, ब्रँडचं नाव नाही. अर्ज केलाय असं सांगणारे पण असतात, तर तो अर्ज परत पाठवलाय का तेही तिथंच कळतं. कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनी कधी काढली आणि भागभांडवल किती ते दिसतं, आमच्यावाल्याचं एक लाख निघालं, जिथं १५ कोटीची नेटवर्थ लागते तिथं एक लाख. एजंट असला तर त्याला विचारा की पैसा कोणत्या कंपनीच्या एस्क्रोमधून येणार आणि ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. युपीआय आणि रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापला जाणारा टक्का, शून्य आहे, काही चांगल्या कंपन्या त्यावर स्वतःची प्लॅटफॉर्म फी लावतात, ती किती ते वेगळं विचारा, सगळं मिळून फ्लॅट एवढं असं ऐकून घेऊ नका. गिऱ्हाईकाचा कार्ड नंबर आणि मागचा सीव्हीव्ही व्हॉट्सॲपवर मागवा असं कोणी म्हणलं तर तिथंच फोन ठेवा.

आणि एक टेस्ट मी आता प्रत्येकीला करायला लावते. लाइव्ह झाल्या झाल्या स्वतःच्या कार्डाने थोड्या पैशाची ऑर्डर टाका आणि बिलावर कोणाचं नाव येतंय ते बघा. तुमच्या दुकानाचं नाहीतर गेटवेचं नाव पाहिजे. तिसरंच काही आलं तर त्याच दिवशी बंद करा. तसंच पहिलं सेटलमेंट आलं की स्टेटमेंटवर पाठवणारा कोण ते वाचा.

आमचं सध्या असं आहे की आम्ही सगळी बिलं, कुरिअरच्या पावत्या, ॲग्रीमेंट आणि चॅट तपास अधिकाऱ्याला पाठवलं, बँकेला लेखी अर्ज दिला की पूर्ण खातं नको, जेवढी रक्कम वादात आहे तेवढ्यालाच होल्ड ठेवा, आणि तसं झालं, बाकीचं खातं मोकळं झालं. वादातली रक्कम अजून अडकलेली आहे. डॅशबोर्डवरची शिल्लक वेगळीच, तिची तक्रार इथल्या सायबर ठाण्यात दिलीय. रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडं, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जायचा विचार होता, पण तिथं आरबीआयच्या परवानगीतल्या संस्थांविरुद्धच तक्रार चालते, आमचा गेटवे त्यात बसतच नाही. पहिल्या नावाजलेल्या कंपनीचा अर्ज मंजूर झाला, आता कार्डाला दोन टक्के जातात, परदेशी कार्डाला तीन, आणि प्रत्येक सेटलमेंट एकाच एस्क्रो खात्यातून येतं.

कोणाचे पैसे आत्ता अशा डॅशबोर्डवर नुसते दिसायलेत आणि खात्यात येईनात, त्यांनी एजंटशी भांडण करायच्या आधी डॅशबोर्डचे सगळे रिपोर्ट डाउनलोड करून घ्या, व्यवहाराच्या तारखा, रक्कम, ऑर्डर नंबर सगळं. आम्ही पहिला कडक मेल टाकला त्याच संध्याकाळी आमचा लॉगिन बंद केला त्यांनी. आमच्याकडं आदल्या रात्री जावेने काढलेल्या एक्सेल होत्या, तपासाला आज त्याच कामी येतायत. रिपोर्ट हातात आले की लगेच १९३० ला फोन लावा नाहीतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, आणि बँकेला स्वतःहून लेखी कळवा की या या नावाने आलेले पैसे आम्हाला संशयास्पद वाटतात.