सातशे रुपयांत रिकामी चाळ: गिरगावातल्या एका हेरिटेज वॉकचा अनुभव

आधी हिशेब. माणशी सातशे रुपये, दोन तास, चौदा माणसं. जागा मुगभाटातली तीनमजली चाळ, वय शंभरच्या पुढे, भाडेकरू गेलेले, पाडकाम पुढच्या महिन्यात. सातशेत चहा धरलेला नाही. पाचातले साडेतीन तारे देतो, आणि त्यातले दीड ज्याच्यामुळे देतो तो माणूस आयोजकांनी ठेवलेलाच नव्हता.

मी सुताराचा मुलगा. वडिलांनी ठाकुरद्वार ते खेतवाडी या पट्ट्यात जिने, सज्जे, खिडक्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं. मी डोंबिवलीत प्लायवूडची मॉड्युलर किचन विकतो. प्रगतीच म्हणायची. या चाळीत लहानपणी त्यांच्याबरोबर हत्यारांची पिशवी घेऊन आलो होतो, म्हणून पैसे भरले. नाहीतर रविवारी सकाळी आठला चर्नी रोडला कोण उभं राहतंय?

सुरुवातच अडखळली. वॉचमननं गेटवर अडवलं. "परवानगी आहे" म्हणजे कुणीतरी कुणालातरी फोनवर विचारलं होतं, कागद कुणाकडेच नव्हता. वीस मिनिटं आम्ही फुटपाथवर. मध्ये काय ठरलं माहीत नाही, पण वॉचमन खुशीत आत घेऊन गेला यावरून अंदाज बांधा.

गाइड आर्किटेक्चर शिकलेली मुलगी, पंचविशीची. तयारी चांगली होती. सेसची इमारत म्हणजे काय हे तिनं दारातच दोन मिनिटांत सांगितलं: १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती 'अ' वर्गात येतात, भाडेकरू उपकर भरतात, त्या बदल्यात इमारतीची दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, मग मालकानं पदरचे पैसे घालून जिना कशाला बदलावा? आमच्या वडिलांची बिलं का थकायची ते मला त्या दिवशी पन्नाशीत कळलं. पुढे विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली पुनर्विकास, पागडीवाल्यांना, म्हणजे एकरकमी पागडी भरून राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंना, मालकीचं घर, बिल्डरला जास्तीचा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा. हे सगळं ती न अडखळता बोलली.

तळमजल्याच्या गाळ्यात तिनं टॉर्च वर मारली. गर्डरवर ठळक इंग्रजी अक्षरं उठलेली: डॉरमन लाँग, मिडल्सबरो. इंग्लंडहून बोटीनं आलेलं लोखंड. मी त्याच्याखाली उभं राहून कितीदा तरी भजी खाल्ली असतील, वर कधी बघितलं नव्हतं. याबद्दल तिला पूर्ण मार्क.

घसरली ती खोल्यांत. पोटमाळा म्हणे सामानासाठी. अगं, पोटमाळ्यावर माणसं झोपायची, सामान खाटेखाली जायचं. मोरीसमोर तर ती पाच सेकंदही थांबली नाही, नक्षीच्या लाद्यांवर मात्र पंधरा मिनिटं. लाद्या सुंदर आहेत, वाद नाही, गुलबक्षी आणि राखाडी, मधोमध झिजून नुसता सिमेंटचा रंग उरलेला. पण अशा इमारतीचा जीव मोरीत असतो. बाहेरून विटांची भिंत दिसते, आत सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं झिरपतं आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं नेमकं तिथे कुजतं. मधली तुळई बोटानं ठोकली तर टणटण वाजते, मोरीकडे ठोकली की बद्द.

हे मी बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा ना पुढचं." मोकळेपणानं म्हणाली, टोमणा नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर उजवीकडून चौथी खोली. फडताळ कुणीतरी उखडून नेलेलं, त्यामागचा गिलावा कोरा राहिलेला, तिथे चौकटीवर पेन्सिलीनं आकडे: २ फूट ७ इंच, खाली एक रेघ, मग १ फूट ११. सातला लांब शेपटी. वडील सात असाच काढायचे. त्यांच्या हातचंच आहे असं छातीठोक सांगणार नाही, त्या पिढीतले बरेच सुतार असाच काढत. फोटो काढला. बाकीचे तोवर गॅलरीत सेल्फी घेत होते.

गॅलरी हीच माझी मोठी तक्रार. तिसऱ्या मजल्यावर कठड्याखाली टेकू लावलेले दिसतायत, तरी चौदाच्या चौदा जणांना एकदम उभं केलं. हेल्मेट एकालाही नाही. चार-चार जणांना सोडायला काय जातं? आणि एका गृहस्थांनी पितळी कडी काढून खिशात टाकली, त्यांना कुणी काही बोललं नाही.

आता दीड तारा. मागच्या चौकात पाडकामाचा मुकादम कौलं मोजत बसला होता. मी सहज विचारलं, कुठून सुरू करणार? म्हणाला, "वरून. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, मग फळ्या, मग तुळया. ज्यानं बांधली त्यानं जे शेवटी केलं, ते आपण पहिलं काढायचं." नंतर हातातल्या लोखंडी पहारीनं एकेक सांधा दाखवत गेला. कुठे खुंटी ठोकलीय, कुठे नंतर बोल्ट आलेत, कुठे दुरुस्तीत लाकूड काढून गर्डर आणि लादी-कोबा, म्हणजे दगडी लाद्यांवर काँक्रीट, केलाय. सागवान ब्रह्मदेशचं. लाकूड एवढं असलं की पाडणाराच उलट बिल्डरला पैसे मोजतो. यातलं बरंचसं जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जाणार आणि टेबलं होऊन परत मुंबईतच कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये शिरणार. गाइडही वही काढून लिहून घेत होती. आयोजकांनी पुढच्या वेळी या माणसाला मानधन देऊन उभं करावं.

त्या चौकटीचा भाव विचारला. "नुसती चौकट नाय देत शेठ, लॉट जातो. पण पंधरा तारखेनंतर टेंपो घेऊन या, बगू." नंबर घेतलाय.

शेवटी सगळ्यांना खोताच्या वाडीत नेऊन ग्रुप फोटो काढतात. ती वाडी तुम्हाला फुकट बघता येते, त्यासाठी पैसे मोजू नका.

जाणार असाल तर बूट घाला, फळ्यांतून खिळे वर आलेत. पाण्याची बाटली स्वतःची न्या. चाळीचे संडास कुलूपबंद आहेत, ते आधीच उरकून घ्या. मध्य रेल्वेवाल्यांनी परतीला मेगाब्लॉक धरून चालावं, मला डोंबिवलीला पोचायला अडीच वाजले.