न्यूजरूम सोडून वर्गात जाताना: सेटची वाट की ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’?

वीस-बावीस वर्षे वृत्तवाहिनीच्या रनडाऊनवर, म्हणजे बातमीपत्रातील बातम्यांच्या क्रमाच्या यादीवर, काढलेल्या पत्रकाराला शिकवण्याकडे वळायचे असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन सहायक प्राध्यापक होणे ही एक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून खुले केलेले ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद ही दुसरी.

पहिल्या वाटेवर पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ५५ टक्के गुण लागतात, आणि वर्षभराची पदविका घेऊन थेट बातमीदारीला लागलेल्या आमच्या पिढीतील अनेकांचे घोडे तिथेच अडते. सेटला वयाची अट नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. मात्र परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे केवळ पात्रता मिळणे होय. पदाची जाहिरात कधी निघेल हे आपल्या हाती नसते, आणि पन्नाशीत सेवेत रुजू होणाऱ्याने निवृत्तीपर्यंत उरलेली वर्षेही मोजून पाहावीत.

दुसऱ्या वाटेवर पदवीची सक्ती नाही. आपल्या क्षेत्रातील किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव पाहिला जातो. परंतु अशा प्राध्यापकांची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, नेमणूक सुरुवातीला एक वर्षापर्यंतची असते आणि एकूण तीन, अपवादात्मक परिस्थितीत चार वर्षांवर ती संपते. छप्पन्न वर्षांच्या संपादकाला हे सोयीचे आहे. बेचाळीस वर्षांच्या निर्मात्याला मी ते सुचवणार नाही. शिवाय अध्यापनाच्या पेशात असलेल्यांना किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना हे पद मिळत नाही, त्यामुळे आधी पहिल्या वाटेने जाऊन मग इकडे वळता येत नाही.

कागदावरील या फरकापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो शिकवण्यातला फरक. माझ्या पहिल्याच महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, नेत्याची बाईट तुम्ही याच शब्दावर का कापली?” बाईट म्हणजे बातमीत वापरलेला बोलण्याचा तुकडा. असे हजारो कट मी दिले होते, तरी उत्तर सापडेना. पुढच्या वाक्यात तो नेता आधीचेच पुन्हा सांगत होता आणि त्याचा आवाज खाली पडत होता, हे क्लिप तिसऱ्यांदा लावल्यावर माझ्याच लक्षात आले. हाताला जे येते ते तोंडाने सांगता येतेच असे नाही. म्हणूनच सेटचा अभ्यास निव्वळ पाठांतर म्हणून झटकून टाकू नये, असे माझे मत झाले. रोज संध्याकाळी हेडलाइन्सचा क्रम लावताना आपण जे करत होतो, त्याला मॅकॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी १९७२ मध्ये ‘अजेंडा सेटिंग’ (लोकांनी कशाचा विचार करावा हे माध्यमांनी ठरवणे) हे नाव दिले, हे मला त्या पुस्तकांतूनच कळले. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यानेही ती पुस्तके वाचावीत.

निर्णय होत नसेल, तर राजीनामा देण्यापूर्वी एक सत्र तासिका तत्त्वावर, आठवड्याला दोन-तीन तास, स्क्रिप्टलेखन शिकवून पाहावे. पॅकेजच्या, म्हणजे तयार वृत्तकथेच्या, नव्वद सेकंदांची सवय झालेल्या माणसाचा अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास पंधराव्या मिनिटालाच आटोपतो, हे तिथे लगेच कळते. मानधन घेतलेल्या तासांचेच मिळते आणि सुटीत काहीच येत नाही, तेव्हा घराचा हप्ता त्यावर अवलंबून ठेवू नये.