निगेटिव्ह ब्लड ग्रुप असेल तर हे हॉस्पिटल कसं आहे
आम्ही खानापूर तालुक्यातले, डिलिव्हरीला बेळगावात आलो. माझा ग्रुप ओ निगेटिव्ह, ह्यांचा ओ पॉझिटिव्ह. आधी गावाकडच्या एका दवाखान्यात दाखवत होते तिथं ग्रुप फाईलवर लिहिला आणि विषय संपला, पाचवा महिना लागला तरी कोण काय बोललं नाही. इथल्या मॅडमनी फाईल उघडली की पहिलं बोट तिथंच ठेवलं, म्हणाल्या बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याचं रक्त थोडं जरी तुमच्यात आलं तर तुमचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, पहिल्याला शक्यतो काय होत नाही पण पुढच्या बाळाच्या रक्तपेशी फुटतात, कावीळ, अॅनिमिया. मग इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, म्हणजे अशा अँटीबॉडी माझ्या रक्तात आधीच झाल्यात का ते बघायची, ती निगेटिव्ह आली, आणि २८ व्या आठवड्यात अँटी-डी चं इंजेक्शन, त्या अँटीबॉडी बनू नयेत म्हणून. ते फ्रीजमधलं असतंय, मेडिकलवाल्यानं बर्फाच्या पाकिटासकट दिलं, सासूबाई म्हणे एवढं महाग आणि एवढीशीच बाटली!

डिलिव्हरी झाल्या झाल्या नाळेचं रक्त तपासायला गेलं. पोरगी ओ पॉझिटिव्ह. ७२ तासांच्या आत दुसरं इंजेक्शन द्यायचं असतंय, इथं नर्सबाई दुसऱ्याच दिवशी सकाळी घेऊन हजर, आठवण करावी लागली नाही.

वाईट म्हणजे संमतीचे फॉर्म सगळे कन्नडमध्ये, ह्यांनी शेजारच्या बेडवाल्या काकांकडून वाचून घेतले आणि मगच सही केली. पार्किंग तर विचारूच नका. तरी पाचपैकी साडेचार.