थंडीतला शेतकरी बाजार: मटार राहू दे, पावटा घ्या

आधीच सांगतो, बाजाराचं नेमकं ठिकाण देत नाहीये. पुण्यात कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात दर रविवारी सकाळी भरतो एवढं पुरे, ज्यांना माहितीये त्यांना कळलंच असेल आणि बाकीच्यांनी शोधा, कारण आत्ताच साडेआठनंतर टू-व्हीलर लावायला जागा मिळत नाही.

मागच्या हिवाळ्यात आईचा गुडघा बिघडला आणि भाजीचं खातं माझ्याकडे आलं. तोपर्यंत माझी भाजीखरेदी म्हणजे फोनवर बोट फिरवायचं आणि दहा मिनिटांत दारात पिशवी. आईला ती भाजी चालत नाही, तिचं म्हणणं त्या मेथीला मेथीचा वास नसतो. मला तेव्हा हे नखरे वाटायचे. आता दोन हिवाळे झाले जातोय, त्यामुळे थोडंफार लिहायचा हक्क आलाय असं समजतो.

पहिली गोष्ट, जी कळायला मला दोन महिने लागले: शेतकरी बाजारात बसलेला प्रत्येक माणूस शेतकरी नसतो. ओळखायचं कसं, तर टेबल बघायचं. ज्याच्याकडे भेंडी, ब्रोकोली, मटार, गाजर, सफरचंद, किवी सगळं एका रांगेत लावलंय, त्याचं शेत नेमकं आहे कुठे? सासवड-पुरंदरचा मटार म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो मुख्यतः पावसाळ्यातला माल. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात मटाराचे जे ढीग लागतात त्यातला बराचसा मध्य प्रदेशातून येतो, आणि हलव्याचं लाल गाजर बहुतेक राजस्थान नाहीतर मध्य प्रदेशचं. म्हणजे पहाटे मार्केट यार्डाच्या घाऊक बाजारातून उचलायचं आणि सात वाजता इथे येऊन मांडायचं. त्यात गुन्हा काही नाही, पोटासाठीच करतायत, पण मग मागे 'थेट शेतातून' असा फ्लेक्स कशाला? मी एकाला विचारलं, दादा गाजर कुठलं? म्हणे आपलंच. म्हटलं आपलंच म्हणजे? तर म्हणे आपलंच म्हणजे, भारतातलंच की. यावर काय बोलणार, अर्धा किलो घेऊन आलो.

खरा माल असतो तो कडेला, जिथे टेबलच नसतं. पोतं अंथरलेलं, त्यावर तीन-चार जिनसा, बास. मुळशीकडून येणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांच्याकडे थंडीत पावट्याच्या शेंगा, ओल्या तुरीच्या शेंगा, आणि नशीब असेल तर हरभऱ्याचा पाला. हे तिन्ही ॲपवर शोधून बघा. पावटा एखाद वेळी दिसतो, सोलून ट्रेमध्ये, वर प्लास्टिक ताणलेलं, आणि वास उडालेला. मावशींच्या पावट्याची शेंग फोडली की हाताला जो तेलकट उग्र वास राहतो ना, तो संध्याकाळपर्यंत जात नाही. ऑफिसच्या कॉलवर मी बोटं हुंगत बसलेलो असतो.

हरभऱ्याच्या पाल्याचं तर मला काहीच माहीत नव्हतं. घरी आणून मी शहाण्यासारखा नळाखाली चांगला खळाखळा धुतला आणि भाजी केली, तर बेचव. पुढच्या रविवारी मावशींना सांगितलं तर हसायलाच लागल्या. "अरे बाळा, धुतोस काय त्याला, सगळी आंब गेली की." हरभऱ्याच्या पानावर जो आंबट रस असतो ना, शेतातून चाललं की पायाला खाजतो तो, तीच भाजीची चव. तो पाण्यात जातो. त्या म्हणाल्या निवडून, झटकून, बारीक चिरून घे, आणि थोडं डाळीचं पीठ लावून लसणाच्या फोडणीत घाल. आणि हा पाला म्हणजे काही टाकाऊ माल नाही, कोवळे शेंडे खुडले की झाडाला बाजूने फांद्या फुटतात, म्हणून पीक लहान असतानाच खुडणी करतात. म्हणजे हा पाला मिळतो तो फार तर तीन-चार रविवार, नंतर संपलं. आपण जानेवारीच्या शेवटी जाऊन "पाला आहे का" विचारलं की त्या सोलाण्याची, म्हणजे ओल्या हरभऱ्याची, पेंडी पुढे करतात. तीही घ्या, गॅसवर भाजून खाताना तोंड काळं होतं पण मजा येते.

पालेभाजीत चाकवत आणि चंदनबटवा मला अजूनही सारखेच दिसतात, दर वेळी आईला व्हिडिओ कॉल लावतो, ती चष्मा शोधेपर्यंत मागची गिऱ्हाईकं कण्हायला लागतात. मेथी मात्र डोळे झाकून घ्या. थंडीत जुडी एवढी मोठी असते की एका हातात मावत नाही, मी 10 रुपयाला पण आणलीये आणि 20 ला पण. एकच आहे, पहाटेच्या दवानं जुडी आतून ओली असते, तशीच फ्रीजमध्ये कोंबली तर दुसऱ्या दिवशी चिखल. घरी आल्या आल्या सोडून पेपरवर पसरायची. मी पहिल्या महिन्यात तीन जुड्या घालवल्या, चूक पूर्णपणे माझी.

आता भाव. स्वस्त मिळेल या आशेने जाऊ नका, गल्लीतल्या गाडीपेक्षा थोडं इकडे-तिकडे एवढंच. याच्यावरून लोक फार कटकट करतात, "शेतकऱ्याकडून थेट आणि तरी एवढे?" वगैरे. 2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि संत सावता माळ्यांच्या नावानं हे शेतकरी आठवडे बाजार वाढवायला सुरुवात केली. आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, तीही शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. ते सगळं ठीक, पण टेम्पोभाडं कोण देणार? नारायणगावकडून येणारे एक काका आहेत, टोमॅटो आणि फ्लॉवर एवढंच आणतात, त्यांनी मला गणित समजावलं. यार्डात माल टाकला की दहा मिनिटांत मोकळा, पण भाव दुसरा ठरवणार. इथे भाव मी ठरवतो, पण पहाटे तीनला उठून यायचं, दुपारपर्यंत उभं राहायचं, आणि उरलेला फ्लॉवर परत न्यायचा का कुणाला वाटायचा हे पण मलाच बघायचं. त्यामुळे बारानंतर गेलात तर तेच काका ढीग लावून अर्ध्या भावात देतात. पण बाराला उरलेली भाजी कशी असते तेही बघा म्हणजे झालं. आणि प्लीज 15 ची जुडी 12 ला मागू नका, मागच्या दुकानात तुम्ही 250 ची कॉफी पिऊन आलेले असता.

फळांचं म्हणाल तर मिश्र अनुभव. स्ट्रॉबेरीच्या एका स्टॉलवर मी दोन वेळा फसलो, बॉक्समध्ये वरचा थर फोटोत काढतात तसा, खाली बोराएवढी आणि दोन-तीन तर पांढरीच. बॉक्सवर महाबळेश्वर छापलेलं असलं म्हणजे आत महाबळेश्वर असेलच असं नाही, त्या स्ट्रॉबेरीला 2010 पासून जीआय (त्या भागाच्याच मालाला मिळणारं) मानांकन आहे पण बॉक्स काय कोणीही छापतं. आता मी बॉक्स उलटा करून खालून बघतो, विक्रेत्याचा चेहरा पडला की पुढे सरकतो. द्राक्षं जानेवारीच्या सुरुवातीला दिसायला लागतात, तेव्हा घेऊ नका, दात आंबतात, फेब्रुवारीपर्यंत दम धरा. पुरंदरच्या खट्टा बहाराचे, म्हणजे थंडीतल्या हंगामाचे, अंजीर मात्र मिळाले तर लगेच, आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवा. माझे दुधीखाली गेले होते, घरी पोचेपर्यंत जॅम.

आणि बोरं! सोलापूरकडची मोठी चमेली आणि उमराण सगळ्यांना माहीत असतात, पण मला हवी असतात ती बारकी चण्यामण्या. शाळेबाहेर मीठ लावून मिळायची ती. एक आजोबा मापानं देतात, वजन नाही काही नाही, डब्याचं माप आणि वर मूठभर जास्तीची. यूपीआय नाही त्यांच्याकडे, सुट्टे न्या. बाकी सगळीकडे स्कॅन चालतं, पण सकाळी गर्दीत नेटवर्क मार खातं, त्यामुळे तसेही थोडे पैसे खिशात असू द्या.

मावळातला इंद्रायणी मी इथूनच घेतो. थंडीत नवा तांदूळ आलेला असतो आणि वास असा की कुकरची शिट्टी शेजारच्यांना कळते, पण नवा चिकट होतो, पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. मोकळा भात हवा असेल तर "जुना आहे का" विचारायचं, चांगला विक्रेता खरं सांगतो. 'सेंद्रिय' पाटीचं मात्र सांभाळून. मी दोघांना सर्टिफिकेट विचारलं. एका ताईंनी त्यांच्या गटाचं लॅमिनेट केलेलं पीजीएसचं (शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेती तपासून हमी देतात ते) सर्टिफिकेट लगेच काढून दाखवलं, दुसरा म्हणाला आमच्यावर विश्वास नाही का. विश्वास आहे हो, पण मग गुळाला 40 रुपये जास्त कशाचे?

हुरड्याबद्दल एकच. पाकिटात कोवळा सुर्ती हुरडा मिळतो, छान असतो, पण तो त्याच दिवशी सकाळी मळलेला आहे का विचारा आणि सरळ घरी जा. मी घेतला, गाडीच्या डिकीत टाकला, मित्र भेटला, चहा झाला, मग दुसरा चहा झाला, आणि घरी येऊन बघतो तर पाकीट आतून गरम आणि आंबूस. 300 रुपये गेले. तव्यावर भाजलेल्या हुरड्याला गोवऱ्यांच्या आगटीची सर नाहीच, पण लसणाची चटणी असेल तर चालवून घेता येतं.

सोयी: शून्य. बसायला जागा नाही, कचऱ्याचा डबा एकच आणि तोही नऊला भरलेला, बंदी असून पातळ पिशव्या सर्रास. म्हाताऱ्या माणसांना त्या गर्दीत आणणं अवघड आहे, म्हणून तर आई घरी आणि मी तिथे. एकदा आणलं होतं तिला रिक्षानं, तर ती मावशींशी पाऊण तास पोपटी आणि वालावर बोलत बसली आणि मी दोन पिशव्या धरून उभा. मला पाचपैकी चार द्यावेसे वाटतात, आई म्हणते साडेचार, अर्धा मावशींचा.

भोगीच्या आधीचा रविवार हा वेगळाच प्रकार असतो. पावटा, वांगी, सोलाणा, बोरं, तीळ, शेंगदाणे सगळ्यांना एकाच दिवशी हवं असतं, साडेसातला पोचलात तर निवडायला मिळेल, नऊला पोचलात तर जे असेल ते. गाजर अर्थातच लागणार, तिथे माझा सगळा अभ्यास गुंडाळून मी त्या भारतातल्याच गाजरवाल्याकडे जातो. आणि पावट्याचं आत्ताच सांगून ठेवतो, मावशींना मी दोन किलो बाजूला ठेवायला सांगितलेत, निळ्या फडक्यात बांधलेले, ते मागू नका.