गोळी चालू ठेवून वजन सांभाळायचंय? मिरजेतल्या आहारतज्ज्ञ मॅडमचा अनुभव

डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, मन ताळ्यावर आलंय, पण पँटचं बटण लागत नाही, अशी तुमची अवस्था असेल आणि तुम्ही सांगली-मिरज भागात राहत असाल, तर मिरजेतल्या या आहारतज्ज्ञ मॅडमना एकदा जरूर भेटा. नाव लिहीत नाही, कारण जाहिरात नको असं त्यांनीच सांगितलंय. मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे चौकशी केली तर कळेल. मलाही माझ्या डॉक्टरांनीच पाठवलं.

मी सांगलीत एका बँकेत कॅशियर आहे. वय 47. मला रात्री मिर्टाझापीन चालू आहे. त्याआधी कित्येक महिने पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, जेवण जात नव्हतं, काउंटरवर नोटा मोजताना आकडा हातातून निसटायचा. या गोळीने झोप दिली, भूक दिली, घरात बोलायला लागलो. फक्त भूक दिली ती जरा जास्तच. गोळीच्या आधी 71 किलो होतो, तो 82 वर गेलो.

मॅडमकडे जाण्याआधी सांगलीतल्या एका वजन घटवण्याच्या सेंटरमध्ये चौकशी केली होती. तिथल्या माणसाने गोळीचं नाव ऐकल्याबरोबर सांगितलं, "साहेब, आधी त्या गोळ्या बंद करा, सगळं वजन त्याचंच आहे." आणि पुढ्यात पावडरचा डबा ठेवला. डब्यावर घटकांची यादी अर्धवट होती. मी डबा न घेता उठलो आणि ते डॉक्टरांना सांगितलं. ते चांगलेच गंभीर झाले. अशा पावडरी आणि कॅप्सूलमध्ये न सांगता सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध मिसळल्याची प्रकरणं जगभर सापडली आहेत. हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे ते औषध 2011 सालीच बंद झालं. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांबरोबर ते पोटात गेलं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. गोळी एकदम बंद करणंही वाईटच: चक्कर, मळमळ, अस्वस्थपणा, झोप उडणं, आणि मूळचा आजार परत उलटण्याची भीती. घरात वजनावरून बोलणी बसत असतील तर हा परिच्छेद घरच्यांनाही वाचून दाखवा. "गोळ्या सोड म्हणजे बारीक होशील" हे वाक्य प्रेमापोटी बोललं जातं, पण ते ऐकून माणसं खरंच गोळ्या सोडतात.

मॅडमनी पहिल्या भेटीत वजनकाट्यावर उभं केलं नाही. आधी स्ट्रिप मागितली. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता घेता, जेवणाआधी की नंतर, आणि मग भूक नेमकी कधी लागते. मी म्हटलं, रात्री साडेदहाला, अगदी पोटात खड्डा पडल्यासारखी. "आणि त्या वेळी हाताला काय लागतं?" भडंग. सांगलीकराच्या घरात भडंगाचा डबा नाही असं कधी होत नाही. त्याच्याबरोबर गूळ-शेंगदाणे, नाहीतर मुलाची बिस्किटं.

मग त्यांनी कागदावर माझ्या वेळा लिहून दाखवल्या. जेवण साडेआठला, गोळी साडेनऊला, अंथरुणावर पाठ टेकायची अकराला. मधल्या दीड तासात भूक चाळवते आणि मी जागाच असतो. मिर्टाझापीन शरीरातल्या हिस्टामीन नावाच्या रसायनाची वाट अडवतं, म्हणून झोप येते, आणि त्यानेच भूकही वाढते, विशेषतः गोड आणि पिठूळ खाण्याची. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. माझा जिभेवरचा ताबा सुटला असं घरात सगळे समजत होते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

गोळीची वेळ त्यांनी स्वतः बदलली नाही, ही गोष्ट मला सर्वांत आवडली. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. डॉक्टरांनी ती वाचून गोळी झोपायच्या जरा आधी घ्यायला सांगितली. तुमच्या बाबतीत हे चालेलच असं नाही, सकाळी जड वाटू शकतं. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.

गोळी बदलण्याबद्दलही मी विचारलं होतं. सगळ्या गोळ्या सारखं वजन वाढवत नाहीत. मिर्टाझापीन आणि जुन्यांपैकी अमिट्रिप्टिलीन यांचं नाव वर येतं, पॅरोक्सेटीनही त्यात आहे. फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला उलट थोडं कमी होतं, बुप्रोपिऑनने सहसा वाढत नाही. 2024 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आठ औषधांची तुलना झाली. सहा महिन्यांत सर्ट्रालीनपेक्षा एस्सिटालोप्रामने वजन सरासरी जास्त वाढलं, पण तो फरक अर्ध्या किलोहूनही कमी होता. म्हणजे सरासरीने पाहिलं तर फरक लहानच, पण एखाद्याला दहा किलो वाढतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. माझी झोप आणि घालमेल पाहता डॉक्टरांनी आहे तीच गोळी ठेवली, आणि मला ते पटलं. थायरॉइड आणि साखर मात्र त्यांनी आधीच तपासून घेतली होती. सगळं खापर गोळीवर फोडण्याआधी हे बघायलाच हवं.

आता आहाराचं. मॅडमकडे एक छापील तक्ता आहे, त्यात ओट्स, किनोआ वगैरे होतं. माझ्यासमोरच त्यांनी पेनने ते खोडलं आणि शेजारी लिहिलं: ज्वारीची भाकरी, मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, ताक. रात्रीच्या जेवणात भात कमी आणि उसळ किंवा अंडी नक्की. प्रथिनं पोटात असली की पुढची भूक सौम्य होते. साडेदहाला लागलंच काही तर भाजलेले फुटाणे किंवा एक वाटी दही, तेही ताटलीत काढून, बसून. डब्यात हात घालून नाही. भडंग बंद केलं नाही. ते संध्याकाळी चहाच्या वेळी, वाटीने मोजून, वर कांदा-काकडी-टोमॅटो भरपूर. रात्रीची एवढी एक सवय बदलल्यावर महिन्याभरात वजन वाढायचं थांबलं.

दुसऱ्या भेटीला त्यांनी बायकोलाही बोलावलं आणि विचारलं, "वहिनी, तेलाचा डबा किती दिवस पुरतो?" पाच लिटरचा, महिनाभर, चार माणसांत. मॅडमनी तिथेच हिशोब मांडला: माणशी दिवसाला 40 मिलीच्या आसपास, म्हणजे आठ छोटे चमचे, सव्वातीनशे कॅलरी नुसत्या फोडणीतून आणि तळणातून. कुणाला दोष नाही, आवाज चढवणं नाही, आकडे तेवढे समोर. बायकोने घरी येऊन बरणीतली पळी काढून चमचा ठेवला. आता तोच डबा दीड महिना जातो आणि चवीत फरक पडलेला नाही, असं माझी आई म्हणते. तिची जीभ चोखंदळ आहे, तेव्हा हे प्रमाणपत्र मोठं.

चहाचंही असंच. या गोळीने तोंड कोरडं पडतं, आणि काउंटरवर बसलेल्या माणसाला कोरड म्हणजे चहाची तल्लफ वाटते. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दोनशे कॅलरी तिथेच. मॅडमनी दोन चहा ठेवले आणि बाकी वेळेला पाण्याची बाटली, त्यात बडीशेप टाकून. आमच्या बँकेतला चहावाला आता मला न विचारताच पुढे जातो.

चालायला मी आमराईत जातो. मॅडमचं म्हणणं असं की चालण्याने वजन किती उतरतं ते नंतर बघू, मनाला त्याचा फायदा आधी होतो. खरं आहे. ज्या दिवशी जातो त्या दिवशी दुपारी डोकं हलकं असतं.

वजन करायचं ते पडद्यामागे, एकट्याने, आणि आकडा मोठ्याने सांगत नाहीत. बेंबीपाशी टेप लावून कमरेचं माप मात्र दर वेळी घेतात. आपल्याकडच्या पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी 80 च्या आत राहावं असं त्या सांगतात. पोटावरची चरबी आपल्या लोकांना लवकर बाधते. माझं वजन आता 77 च्या आसपास आहे. 71 वर जायचं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "71 ला तुम्ही जेवत नव्हता, भाऊ. ते आजारपणाचं वजन होतं." मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आता खटकलेल्या गोष्टी. वेळ घेऊन गेलं तरी तासभर बसावं लागतं, आणि बसायची जागा अरुंद आहे. ओळखीचं कुणी भेटेल याची ज्यांना धास्ती असते त्यांना हे जड जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेल्याचं उत्तर कधी दोन दिवसांनी येतं. मांसाहाराबद्दल तक्त्यात फारच कमी आहे, आमच्याकडे रविवारी मटण असतं, तर त्याचं मलाच विचारून घ्यावं लागलं. (रस्सा वरचा तेलाचा तवंग काढून, दोन भाकरी, भात नाही.) पहिल्या भेटीचे पाचशे आणि नंतर दर वेळी तीनशे. पावडर, गोळ्या, डबे काहीही विकत नाहीत, म्हणून मला हे पैसे रास्त वाटतात.

ज्यांना इन्सुलिन चालू आहे, किंवा खाऊन उलटी काढण्याचा त्रास आहे, त्यांनी थेट आहारतज्ज्ञाकडे न जाता आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मॅडमही तेच सांगतात. आणि मन फारच खचलं असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी 14416 लावा. ती टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

जाताना स्ट्रिप, डॉक्टरांची चिठ्ठी आणि थायरॉइड-साखरेचे रिपोर्ट बरोबर न्या. स्वयंपाक जी व्यक्ती करते तिला दुसऱ्या भेटीला नक्की घेऊन जा. शनिवारी सकाळी पहिला नंबर मिळाला तर थांबावं लागत नाही.