रेझ्युमे तयार करणारे ऑनलाइन साधन: काही महिन्यांच्या वापरानंतर

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रेझ्युमे लिहिण्यास मदत करताना गेले काही महिने मी तयार साचे देणारे एक ऑनलाइन साधन नियमितपणे वापरत आहे. रकान्यांत माहिती भरायची, साचा निवडायचा आणि पीडीएफ उतरवून घ्यायची, एवढाच त्याचा व्याप. पण समास, अक्षरांचा आकार आणि तारखांची मांडणी यांत जाणारा वेळ ते खरोखर वाचवते. कोऱ्या पानासमोर अडखळणारा विद्यार्थीही रकाने दिसले की लिहू लागतो.

माझी मुख्य तक्रार दोन स्तंभांच्या देखण्या साच्यांबद्दल आहे. पीडीएफमध्ये कोणते अक्षर पानावर कुठे बसवायचे याची नोंद असते. मजकूर कोणत्या क्रमाने वाचायचा याची असेलच असे नाही. त्यामुळे अर्जांची छाननी करणारी प्रणाली त्यातून मजकूर काढून घेते, तेव्हा डावीकडची कौशल्ये उजवीकडच्या प्रकल्पाच्या ओळींत मिसळू शकतात. पीडीएफमधील सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला की हा घोळ लगेच दिसतो. ही तपासणी सुरू केल्यापासून मी सर्वांना एका स्तंभाचा, सर्वांत साधा साचाच घ्यायला सांगतो. कौशल्यापुढे पाचपैकी चार ठिपके रंगवण्याची सोयही मी काढून टाकायला लावतो, कारण चार ठिपक्यांएवढे पायथॉन (ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा) म्हणजे नेमके किती, हे मुलाखत घेणाऱ्याने कसे ओळखावे?

वाक्ये सुचवणारे बटण मात्र सर्वांत निरुपयोगी ठरले. ‘मेहनती, ध्येयनिष्ठ आणि संघभावना असलेला’ हे वर्णन ते कोणालाही बहाल करते. एका विद्यार्थिनीने ‘ग्रंथालय प्रकल्पावर काम केले’ एवढेच लिहिले होते. त्यात तुझा स्वतःचा भाग कोणता, तो नसता तर काय अडले असते, असे विचारत गेल्यावर कळले की पुस्तक परत करण्याची मुदत उलटताच वाचकाला आपोआप ईमेल पाठवणारा भाग तिने एकटीने लिहिला होता. रेझ्युमेत तीच ओळ गेली आणि तिच्यासाठी जागा करताना शालेय स्पर्धांची यादी निघाली. (ती यादी वगळायला विद्यार्थी सहसा तयार नसतात.)

यापुढेही मी हे साधन वापरेन, पण मजकूर साध्या फाइलमध्ये पक्का झाल्यावरच. शिवाय जाहिरातीनुसार प्रकल्पांचा क्रम बदलावा लागतो, तेव्हा ती मूळ फाइल हाताशी असलेली बरी.